इनासमास्तरांचा ट्रॉम्बोन

सोमवार, २० फेब्रुवारी १९५६. चिंचवडगाव

ही वही पिंपरी कँपातल्या एका कापडवाल्यानं दिली. त्याची गाठोडी स्टेशनावरून हातगाडीनं पोचवली तेव्हा म्हणाला, "दीड महिना गेला वर्षाचा, आता ही डायरी कोण घेतंय?" मी घेतली. माझं वर्ष कधीही सुरू होतं. मागच्या कोऱ्या पानांवर सकाळपासून हत्ती काढत बसलो होतो, म्हणून लिहायला एवढा उशीर.

आता रीतसर. मी दत्तोबा, मूळ बार्शीचा, वय बावीस असावं. शिक्षण चौथी पास आणि पाचवी अर्धी, कारण पाचवीच्या वर्षी गावात सर्कस आली. सर्कशीत आधी हत्तींना पाणी पाजलं, मग बँडमध्ये ट्रॉम्बोन धरला. ट्रॉम्बोन म्हणजे ती लांब पितळी नळी, जी वाजवणारा पुढंमागं सरकवतो आणि जी पुढच्या माणसाच्या पाठीत बसते. माझं काम एकच. जोकर घसरून पडला की नळी सरकवून "घुंऽऽई" करायचं. एका खेळात जोकर नऊ वेळा पडायचा. सहा वर्षं मी त्याला पाडत होतो.

सर्कस पुण्यातून हलली त्या दिवशी मी पिंपरीला पेनिसिलीनचा कारखाना बघायला गेलो होतो. बुरशीचं औषध करतात म्हणे, ते बघायचंच होतं. आत कुणी सोडलं नाही. परत गेलो तर मैदानावर नुसती लीद.

तेव्हापासून, म्हणजे दिवाळीपासून, मी दौलतरावांच्या बँडमध्ये आहे. दौलत ब्रास बँड. लग्न, मुंज, जत्रा. त्यांचे ट्रॉम्बोनवाले मागच्या मे महिन्यात वारले आणि बाजा खुंटीला लटकत होता. ते इनासमास्तर, गोव्याचे. खडकीला गोऱ्या सोल्जरांच्या क्लबात जाझ वाजवायचे. गोरे गेले, क्लब बसला, मग मास्तर चिंचवडला येऊन वराती वाजवायला लागले. जाझ म्हणजे काय ते इथं कुणालाच धड सांगता येत नाही. आमचे क्लॅरनेटवाले सोपानराव म्हणतात, "साहेबाचं भारूड हाय ते."

आजची बातमी अशी की मास्तरांना मे अखेरीस वर्ष होतंय, तर त्यांच्या नावानं रेकॉर्ड काढायची. मास्तरांनी स्वतः बांधलेल्या दोन चाली आहेत, एक "खडकीवाली" आणि एक "संथ". तबकडीच्या एका बाजूला एक. मुंबईच्या कंपनीत दौलतरावांचा ओळखीचा माणूस आहे. आणि त्याआधी चार गावांत फिरून लोकांना ऐकवायच्या.

दौलतराव आपली कॉर्नेट, ती आखूड पितळी तुतारी, छातीशी धरून म्हणाले, "लोक बसणार, आपण वाजवणार. नवरा नाही, घोडा नाही. कार्यक्रम!"

ढोलवाले भिमाजी म्हणाले, "नवरा नाही तर थांबायचं कधी ते कळणार कसं?"

मला एवढा आनंद झाला की मी घुंऽऽई केलं.

"आणि हे करायचं नाही," दौलतराव म्हणाले.

बुधवार, २२ फेब्रुवारी

बाजा दौलतरावांचा नाही, हे आज कळलं. मी तो तीन महिने चिंचेनं घासतोय, पण तो मास्तरांच्या बायकोचा, मार्थाबाईंचा. दौलतराव मला त्यांच्याकडं घेऊन गेले. पुलाजवळ दोन खोल्या, दारात तुळशीऐवजी क्रूस आणि क्रूसापुढं तुळशीसारखीच पणती.

मार्थाबाईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "हा वाजवतो?"

"सहा वर्षं सर्कशीत होता."

"वाघापुढं?"

"जोकरापुढं," मी खरं ते सांगितलं.

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मडगावाहून भावाची दोन पत्रं आली. त्यांच्या चर्चच्या बँडला बाजा पाहिजे. मी त्याला सांगितलं, थांब. दौलतराव, तुमची रेकॉर्ड होऊ दे. मी ऐकेन. तीत आमचा घोव, तुमचे मास्तर, ऐकू आला, तर बाजा ह्या पोराकडं राहू दे. नाही आला तर मडगाव."

"येणार म्हणजे काय, हुबेहूब येणार!"

वाटेत दौलतराव मला म्हणाले, "दत्तोबा, हुबेहूब म्हणजे हुबेहूब. एक सूर इकडचा तिकडं होता कामा नये."

अडचण एवढीच, की मी मास्तरांना कधीच ऐकलेलं नाही.

आणखी एक लिहून ठेवतो, कुणी वाचणार नाही म्हणून. आजवर कुठली वस्तू जवळ राहावी असं मला वाटलं नव्हतं. ट्रंक हरवली, घोंगडी हरवली, एकदा तर चालत्या गाडीतून चप्पल पडली आणि मी तिला हात केला. पण हा बाजा गेला तर मला रडू येईल. उशाशी घेऊन झोपतो त्याला. नळीच्या कडेला एक पोचा आहे, तिथं बोट बरोबर बसतं.

रविवार, २६ फेब्रुवारी

चाल शिकायला बसलो. दौलतरावांनी खडकीवाली तोंडानं म्हणून दाखवली. ती मध्ये जिन्यासारखी वर चढते.

"न्हाई, न्हाई," सोपानराव म्हणाले. "मास्तर तितं खाली उतरायचं. मी शेजारी हुबा असायचो, मला ठावं हाय." आणि त्यांची खाली उतरली.

भिमाजी म्हणाले, तिथं मास्तर वाजवतच नसत. नुसते हसत उभे राहायचे आणि ते चार ठोके ढोलाचे.

"ढोलाचे कशाला असतील?" दौलतराव म्हणाले.

"माझ्याकडं बघून हसायचे, मग कुणाचे असणार?"

तासभर भांडण झालं. दौलतरावांच्या घरच्या गोजाबाई चहा घेऊन आल्या, त्यांनी जाता जाता चौथीच चाल गुणगुणली आणि म्हणाल्या, "मी आपली स्वयंपाकघरातून ऐकलेली."

आठ वर्षं एका माणसाबरोबर वाजवलं आणि एकालाही त्याची चाल पाठ नाही! इतक्या विसराळू लोकांत मी आजवर राहिलो नव्हतो. सर्कशीतल्या पोपटालासुद्धा पंधरा वाक्यं येत होती.

शनिवार, ३ मार्च

आज तालीम होती. मी गेलो नाही. रस्त्यात एक माणूस माकडाला सायकल शिकवत होता.

रविवार, ११ मार्च

पहिला कार्यक्रम, चिंचवडातच, देवळापुढच्या पारावर. सतरंज्या टाकल्या, लोक बसले, अगदी गावचे पाटीलसुद्धा मांडी घालून बसले. आम्ही पारावर एका ओळीत उभे. लाल कोट, पितळी बटणं.

आता गंमत अशी, की आम्ही जन्मात उभ्यानं वाजवलेलं नाही. वराती चालतात, आम्ही चालतो. भिमाजींचा ढोल दुसऱ्याच मिनिटाला अडखळायला लागला. वाजवता वाजवता ओरडले, "दौलतराव, माझा ठोका पायात आहे! पाय बांधला की ठोका जातो!"

दौलतरावांनी डोळे वटारले. पण संथ सुरू झाली आणि त्यांचाच पाय उचलला. एक पाऊल, दोन पावलं, तिसऱ्याला पार संपला. ते खाली उतरले, कॉर्नेट तोंडातून काढली नाही. मागोमाग मी, मग सोपानराव, मग भिमाजी ढोलासकट, सगळे ओळीनं एकेक उडी मारून खाली. सूर एकाचाही तुटला नाही. लोकांना वाटलं, असंच असतं. सतरंज्या सोडून सगळे उठले आणि आमच्या मागून चालायला लागले. गावाला पूर्ण फेरी झाली. एका म्हातारीनं दारातून विचारलं, "नवरा कुठाय गं बाई?" तिची सून म्हणाली, "पुढं असंल."

मला हसू आवरेना आणि हसताना ट्रॉम्बोन वाजत नाही, म्हणून मी मधली जागा कशीतरी भरली. वर चढलो की खाली उतरलो, काही आठवत नाही. दौलतराव तेवढ्यावरून चिडले.

रविवार, १८ मार्च. भोसरी

इथं पार नको, मैदान बरं, असं ठरलं. सगळे बसले. आम्ही जागच्या जागी पाय हलवत होतो, जशी पोरं लघवीला थांबवलेली असतात. खडकीवाली निम्मी झाली आणि गल्लीतून घोड्यावर नवरा आला.

वरातीसाठी ठरवलेला आळंदीचा बँड आलाच नव्हता. नवऱ्याचे मामा यशवंतराव दोन्ही हात वर करून धावत आले. "वाजवत राहा! देव पावला!"

दौलतराव कॉर्नेट खाली घेऊन म्हणाले, "यशवंतराव, हा बसून ऐकायचा कार्यक्रम आहे."

"मग बसलाच आहे की आमचा नवरा. घोड्यावर."

दौलतरावांनी कॉर्नेट पुन्हा तोंडाला लावली. निघालो. भिमाजींचा ढोल असा खुलला की पोरं नाचायला लागली. मी घोड्याच्या तोंडापुढं होतो. बघतो तर काय, घोडा ओळखीचा! सर्कशीनं विकलेला पांढरा, कपाळावर करवंदाएवढा डाग. मला इतकं भरून आलं की हात आपोआप सरकला आणि घुंऽऽई झालं. त्यानं बिचाऱ्यानं आवाज ओळखला आणि शिकवल्याप्रमाणं पुढचे दोन्ही पाय वर केले. नवरा मागच्या मागं सरकत सरकत शेपटीवरून खाली बसला. आता कुणी पडलं की माझा हात थांबत नाही. पुन्हा घुंऽऽई झालं.

लोक हसून लोळले. नवराही हसला, मुंडावळ्या नाकावर. जिलबी पोटभर मिळाली. यशवंतराव पुढच्या दोन लग्नांची सुपारी देऊन गेले, वर म्हणाले, "घोड्याचं तेवढं पुन्हा करा."

दौलतराव जेवले नाहीत. "मास्तरांचं नाव घेऊन निघालोय आपण," एवढंच म्हणाले. मला वाईट वाटलं. त्यांच्या वाटणीची जिलबी वाया गेली असती, म्हणून मी खाल्ली.

रविवार, २५ मार्च. निघोजे

निघोजे सोपानरावांचं गाव, शेत इथंच. आज लोक खरंच बसून राहिले. पण खडकीवाली संपल्यावर पुढच्या रांगेतले अर्जुनराव काठी टेकत उठले.

"माझ्या लेकाच्या लग्नात मास्तरांनी हीच वाजवली व्हती. ती अशी नव्हती."

शेजारून त्यांचे व्याही म्हणाले, "अशीच व्हती. तुमी तवा जेवायला बसला व्हता."

"मी कवाच जेवाय बसलो न्हाई!"

झालं. अर्जुनरावांनी त्यांची चाल हातवारे करून सांगितली, मी तशी वाजवली. व्याह्यांनी त्यांची सांगितली, मी तशी वाजवली. मग एक बाई मागून म्हणाली, आमच्या धाकटीच्या वेळी शेवट रडका होता, तर तसा केला. कुणी म्हणे घाईची होती, कुणी म्हणे मध्ये मास्तर शिंकल्यासारखं काढायचे. आठ वेळा वाजवली, आठ तऱ्हांनी. एक माणूस उठला नाही. उलट विहिरीवरच्या बायका घागरी तशाच ठेवून आल्या.

माझी अशी फजिती आयुष्यात झाली नव्हती. आठांतली एकही धड नाही, नाहीतर एवढा वाद कशाला झाला असता?

सोपानरावांच्या डोळ्यांना पाणी लागलं होतं. धुळीचा त्रास आहे त्यांना.

रविवार, १ एप्रिल. हिंजवडी

लिहायला नको वाटतंय, पण लिहितो.

शेवटचा कार्यक्रम. दौलतरावांनी बजावलं होतं, आज मी सांगतो तीच चाल, चढणारी, आणि दुसरं काही नाही. मी मनात घोकत होतो. संथ सुरू झाली. सगळं नीट चाललं होतं. तेवढ्यात मागच्या गोठ्यात वासरू हंबरलं.

मी काही ठरवून केलं नाही. ते एवढं एकटं हंबरलं की त्याला ओ द्यावीशी वाटली. नळी लांब सोडून मी ओ दिली. ते पुन्हा हंबरलं. मी पुन्हा. सोपानरावांनी क्लॅरनेटवर गाईसारखं काहीतरी काढलं. वासरू गप्प झालं, मग आणखी जोरात. लोक आधी हसत होते, नंतर हसायचे थांबले. भिमाजींनी ढोल बोटांनीच धरला. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग मला आठवलं की आपण संथ वाजवत होतो, आणि ती जिथं सोडली होती तिथंच उभी होती, म्हणून तिला उचलून शेवटाला नेलं.

लोक खूप टाळ्या वाजवत होते. हिंजवडीचे लोक भले आहेत.

बैलगाडीत दौलतराव वाकडपर्यंत कॉर्नेट पुसत बसले. मग एकच शब्द बोलले. "मडगाव."

शनिवार, ७ एप्रिल

हा आठवडाभर मनात पाप होतं.

कळलं की सर्कस नाशकात आहे. म्हटलं, बाजा मडगावला जाणारच आहे, तर नाशकाला का जाऊ नये? पाच दिवस विचार केला. आज पहाटे बाजा पिशवीत घातला आणि भोसरीवरून चाकणपर्यंत एका ट्रकनं आलो. नाशकाची एस.टी. तासाभरानं होती. बाजाराचा दिवस. कांद्याचे ढीग असे, की पलीकडचा माणूस दिसू नये. एक माणूस दोन ढिगांच्या मधून बकरी शोधत होता, म्हणून मीही शोधायला लागलो. बकरी सापडली. एस.टी. गेली होती.

वळतो तर समोर सोपानराव, स्वतःच्या कांद्यांवर बसलेले. पिशवीतून नळीचं टोक बाहेर आलेलं. त्यांनी टोकाकडं बघितलं, एस.टी.च्या धुरळ्याकडं बघितलं.

"आलास व्हय? बरं झालं. ही पाटी धर त्या बाजूनं."

दिवसभर कांदे उचलले. परतताना गाडीत ते म्हणाले, "बाजा संगं आनलास, झ्याक केलंस. त्याला बी जरा बाजार दिसला." आणि मग म्हणाले, "दत्तोबा, वासराचं पुन्यांदा वाजीव."

मी वाजवलं. बैल थांबले.

सोपानरावांना माझा संशय आला नाही हे नशीब. भोळा माणूस आहे.

मंगळवार, २४ एप्रिल. मुंबई

झालं एकदाचं. बरं झालं की वाईट, देव जाणे.

रेकॉर्ड काढायची खोली लांबट, बोळासारखी. भिंतींना गोधड्यांसारखं काहीतरी मारलेलं, टाळी वाजवली तर आवाज तिथंच मरतो. मी सात-आठ टाळ्या वाजवून खात्री केली. खोलीच्या मधोमध मायक्रोफोन. काचेमागं चष्मेवाले साहेब. त्यांनी सांगितलं, "तीन मिनिटं. लाल दिवा लागला की सुरू, मी हात वर केला की शेवट."

पहिल्या वेळी उभे राहिलो. भिमाजींचा ठोका गेला.

दुसऱ्या वेळी साहेबांनी हात वर केला आणि कुणी थांबलंच नाही. वरातीत पन्नास जण हात वर करून नाचत असतात, हातासाठी कोण थांबतं? आम्ही पाच मिनिटं वाजवलं. साहेब काचेवर डोकं टेकून बसले.

मग बाहेर येऊन म्हणाले, "अहो, तुम्ही एरवी वाजवता तसं वाजवा ना! गावाकडं कसं वाजवता?"

आम्ही एकमेकांकडं बघितलं. दौलतराव म्हणाले, "चपला काढा."

अनवाणी ओळ लावली. मी सगळ्यांत पुढं, नळीसाठी. दारापासून निघालो, मायक्रोफोनवरून पुढं, पार टोकाच्या भिंतीपर्यंत, तिथं वळलो आणि परत. भिमाजींचा ढोल काय सांगू! खडकीवालीला सोपानरावांनी मला डोळा मारला, दौलतरावांनी डोळे वटारले. टोकाच्या कोपऱ्यात कुणीतरी तंबोरा ठेवला होता आणि त्याच्या भोपळ्यावर मांजर झोपलं होतं. ते आमच्या आवाजानं जागंही झालं नाही, नुसता एक कान हलवला. मी त्याच्याकडं बघत राहिलो आणि चाल निसटली. मग त्या कानाबरोबर काहीबाही वाजवलं आणि मायक्रोफोनपाशी येईतो चाल सापडली. संथलाही तेच. मांजर तिथंच होतं.

शेवट मात्र झोकात झाला. कारण दारात पोचलो आणि दार बंद होतं.

साहेब म्हणाले, "आवाज येतोय आणि जातोय. जवळ येतो, लांब जातो. खरं म्हणजे पुन्हा करायला हवं." पण दारामागं एक गवई पेटीवाल्याला घेऊन तिष्ठत होते. "असू द्या. झालं ते झालं."

गाडीत दौलतराव खिडकीबाहेर बघत होते. "येतोय जातोय," एवढंच पुटपुटले. "बाईंना काय सांगू?"

गुरुवार, २६ एप्रिल

बाजा आणखी महिनाभर माझ्याकडं. आजपासून दिवसातून दोनदा घासतो. मडगावला गेला तरी चकचकीत जाईल.

गुरुवार, ३१ मे

रेकॉर्ड काल आली. आज मास्तरांना वर्ष झालं.

पिंपरी कँपातल्या हॉटेलात ग्रामोफोन आहे, मालकानं दुपारचं गिऱ्हाईक थांबवून टेबलं भिंतीला लावली. आम्ही सगळे लाल कोटात. गोजाबाईही आल्या होत्या. मार्थाबाई काळं लुगडं नेसून मध्ये खुर्चीवर. मी बाजा घासूनपुसून, फडक्यात गुंडाळून त्यांच्या पायाशी ठेवला. परत करायचा तर नीट करावा.

दौलतराव आधीच हात जोडून उभे राहिले. "बाई, काही चुका राहिल्यात. आवाज जरा—"

"लावा," बाई म्हणाल्या.

आधी नुसती खरखर. मग फार लांबून, दुसऱ्या गावातून यावा तसा ढोल. मग आम्ही. येतोय, येतोय, ट्रॉम्बोन सगळ्यांच्या पुढं. जसजसा आवाज जवळ यायला लागला तशा मार्थाबाई ताठ झाल्या. पदर सारखा केला. आवाज अगदी मोठा झाला आणि त्या खुर्चीतून उठल्याच, दाराकडं दोन पावलं गेल्या. मी म्हटलं, चालल्या. आता मडगाव.

पण आवाज पुढं निघून गेला. लांब, बारीक. मांजराची जागा आली. बाई तिथंच उभ्या राहून ऐकत होत्या, मान एका बाजूला करून. मग पुन्हा आवाज जवळ आला, मोठा झाला, आणि दारात येऊन थांबला तसा थांबला.

तबकडी संपली. सुई घसरत होती. मालकानं ती उचलली.

बाई म्हणाल्या, "क्लबात मला कोण नेणार होतं? आणि लोकांच्या वरातीत माझं काय काम? मी घरातच. पुलाकडून आवाज यायला लागला की चुलीवर चहा ठेवायची. घरावरून पुढं जायचे, नवरीच्या मांडवापर्यंत. मग परत." आणि दौलतरावांना म्हणाल्या, "दुसरी बाजू लावा."

दुसरी बाजू लावली. ह्या वेळी त्या बसून राहिल्या, डोळे मिटून, आणि गोजाबाईंचा हात धरला. चुकांविषयी चकार शब्द नाही. मला वाटतं, त्यांना थोडं कमी ऐकू येत असावं. देवानं भलं केलं.

पण मला राहवेना. एवढे महिने जिच्यासाठी सगळ्यांनी जीव खाल्ला, ती एकदा तरी कळायला हवी. मी विचारलं, "मार्थाबाई, खडकीवाली नक्की कशी होती? मध्ये वर चढते का खाली उतरते?"

"मला काय ठाऊक? दर वेळी वेगळी असायची. काल वाजवलीत तशी वाजवा म्हटलं तर चिडायचे. म्हणायचे, काल कुठाय आता?"

दौलतराव मटकन बाकावर बसले. सोपानराव क्लॅरनेटवर डोकं ठेवून गदगदा हसायला लागले, भिमाजींनी टेबलावर चार ठोके मारले. मला मात्र हायसं वाटलं. म्हणजे मास्तरांचीही आठवण कच्चीच होती! मी उगाच एवढा घाबरत होतो.

बाईंनी मला जवळ बोलावलं. "तुला लिहिता येतं ना? भावाला पत्र लिही."

हॉटेलवाल्यानं कागद दिला. बाई सांगत होत्या, मी लिहीत होतो. खुशाली, आंब्यांची चौकशी, मग: "बाजा पाठवत नाही. तो रोज घरी येतो."

मी म्हटलं, बाई, हे बरोबर नाही. तो येत नाही, तो माझ्या उशाशी असतो, पुलाच्या अलीकडं, दौलतरावांच्या पडवीत. भावाचा घोटाळा होईल.

"मग येत जा," मार्थाबाई म्हणाल्या. "संध्याकाळी, वाजवत. चहा ठेवेन. आणि लिहिलंस ते राहू दे तसंच."

राहू दिलं.